पाचर आणि बोटे

खंडेनवमीला सुतार आपली हत्यारे पुसून पाटावर मांडतो. करवत, रंधा, वाकस, पटाशी, गिरमिट, साऱ्यांना गंधफूल वाहतो आणि त्या दिवशी त्यांना कामाला लावीत नाही. या पूजेत कृतज्ञता आहे हे उघडच आहे. परंतु मला तीत थोडी विनवणीही दिसते. ज्या धारेवर वर्षभर पोट भरावयाचे ती धार आपल्याच हातावर उलटू नये, एवढीच ती विनवणी.

आमच्या आळीत एक वृद्ध सुतारमिस्त्री असत. आम्ही मुले त्यांना आप्पा म्हणत असू. डाव्या हाताच्या बोटांवर जुन्या जखमांच्या रेघा होत्या, पण दहाही बोटे शाबूत होती. ते म्हणत, "हातकरवत बोटाला लागते, पण सांगून लागते." मोठे मार्मिक बोल होते ते. हातकरवतीत जोर असतो तो माणसाच्याच दंडाचा. ती घसरून कातडीत रुतली की कळ उठते आणि दंड आपोआप थांबतो. मारणारा हात आणि सोसणारा हात एकाच धन्याचे! प्राचीन इजिप्तमधल्या तांब्याच्या करवतीपासून हजारो वर्षे माणसाचा आणि हत्याराचा हा करार चालत आला. तो मोडला गोल करवतीने.

इंग्लंडातील साउदॅम्प्टनच्या सॅम्युएल मिलर याने १७७७ साली घेतलेल्या पेटंटात गोल पात्याच्या करवतीचा उल्लेख सापडतो. अमेरिकेत मात्र निराळीच कथा सांगतात. शेकर पंथातील टॅबिथा बॅबिट नावाच्या बाईने दोन गडी लांब करवत ओढताना पाहिले. करवत मागे जाताना काहीच कापीत नाही, म्हणजे निम्मे श्रम फुकट, हे तिच्या ध्यानी आले. आणि १८१३ साली तिने आपल्या चरख्याला दात्यांची चकती जोडून पाहिली. कथा गोड आहे. पण मिलरचे पेटंट तिच्या छत्तीस वर्षे आधीचे, तेव्हा ही आख्यायिकाच म्हटली पाहिजे. एक गोष्ट मात्र ती अचूक सांगते. गोल करवतीने वाया जाणारी ओढ वाचविली. आणि त्याबरोबर दोन ओढींच्या मधला विसाव्याचा क्षणही नाहीसा केला.

तत्त्वज्ञ जेरेमी बेंथॅम याचा धाकटा भाऊ सॅम्युएल याने १७९१ आणि १७९३ साली लाकूडकामाच्या यंत्रांची पेटंटे घेतली. मौजेची गोष्ट अशी की, ही यंत्रे प्रथम मांडली गेली ती लंडनमध्ये जेरेमीच्या राहत्या घराच्या आवारात! जेरेमीच्या मनात एक आदर्श तुरुंग बांधावयाचा होता आणि तेथल्या कैद्यांकडून ती चालवून घ्यावयाची होती. सुतारकीचा गंध नसलेल्या माणसालाही चालविता यावीत, हाच त्या यंत्रांचा मोठा गुण. पुढे पोर्टस्मथच्या गोदीत मार्क ब्रुनेलने जहाजाच्या दोरखंडांसाठी लाकडी कप्प्या करणारी यंत्रे उभारली, तेव्हा एकशे दहा माणसांचे काम दहा माणसे करू लागली. १८०८ साली तेथे वर्षाला सुमारे १,३०,००० कप्प्या होत होत्या.

मेख आहे ती येथेच. जुना सुतार शागीर्दी करताना नुसते कापावयास शिकत नसे. भ्यावयासही शिकत असे. यंत्राने ते शिक्षण अनावश्यक ठरविले. त्याला हात हवा होता तो केवळ फळी पुढे ढकलण्यापुरता.

आता या पात्याचा वेग पाहा. आजच्या साध्या टेबलाच्या करवतीचे दहा इंची पाते मिनिटाला सुमारे चार हजार फेरे घेते. म्हणजे त्याचे दाते ताशी एकशे नव्वद किलोमीटर वेगाने धावत असतात. माणूस दचकून हात मागे घेईपर्यंत सेकंदाचा पाचवा हिस्सा जातो. तेवढ्यात पाते तेरा वेळा फिरून आलेले असते. ही करवत सांगून लागत नाही. कित्येकांना तर प्रथम कळ जाणवत नाही, रक्त दिसते.

पण पुष्कळशी बोटे पात्याकडे आपण होऊन जात नाहीत. ती ओढली जातात. फळी चिरली जात असता तिच्या दोन फाकी कधी कधी आतल्या ताणाने मिटू लागतात आणि पात्याच्या मागच्या बाजूला चिमटतात. तेथले दाते खालून वर येत असतात. ते फळी उचलतात आणि ढकलणाऱ्याच्या अंगावर भिरकावतात. फळी गेली की तिच्यावर टेकलेला हात थेट पात्यावर येतो.

यावर उपाय काय? तो तर पंचतंत्र ऐकलेल्या प्रत्येक मुलाला ठाऊक आहे! सुतार अर्धवट चिरलेल्या ओंडक्यात पाचर मारून जेवावयास गेले, माकडाने ती उपटली, फाकी मिटल्या आणि माकड प्राणास मुकले. गोल करवतीच्या मागे पात्याच्या रेषेत एक पोलादी पट्टी उभी करतात, ती हीच पाचर. ती फाकी मिटू देत नाही, म्हणून फळी उसळत नाही. हे ज्ञान जुने आहे, स्वस्त आहे. प्रश्न एवढाच की ती पट्टी जागेवर ठेवावी कोणी?

कारखान्यात याचे उत्तर कायद्याने दिले. ब्रिटनमध्ये १८९७ साली कामगार नुकसानभरपाईचा कायदा झाला आणि तुटलेले बोट मालकाच्या खर्चात धरले जाऊ लागले. १९२२ साली तेथे लाकूडकामाच्या यंत्रांचे खास नियम झाले. गोल करवतीमागे पट्टी हवी, पात्यावर झाकण हवे, फळी ढकलण्यासाठी जवळ काठी हवी. रंध्याच्या यंत्राचा नियम तर विशेष बोधप्रद आहे. जुन्या यंत्रात पाती बसविलेला लोखंडी ठोकळा चौकोनी असे. तो फिरताना कडांमधल्या पोकळीत बोटे खोल ओढली जात. तो ठोकळा गोल केला की पोकळीच उरत नाही. जखम झालीच तरी बहुधा शेंड्यावर निभावते. हाताने लाकूड सरकविण्याच्या यंत्रात गोल ठोकळाच हवा, असे त्या नियमांनी ठरविले. कामगार काही एका रात्रीत सावध झाला नव्हता. लोखंडाचा आकार बदलला, आणि हात वाचले.

हिंदुस्थानात भरपाईचा कायदा आला १९२३ साली. त्याच्या परिशिष्टात पुढे बोटांचा जो हिशेब लिहिला गेला तो वाचताना अंगावर काटा येतो. अंगठा गेला तर कमाईची शक्ती तीस टक्के गेली असे धरावयाचे. तर्जनी सबंध गेली तर चौदा, मधले बोट बारा, अनामिका किंवा करंगळी सात. एकलव्याच्या अंगठ्याचे मोल महाभारताने एका अक्षय कीर्तीत केले; कायद्याने ते टक्क्यांत केले. हिशेब निष्ठुर वाटतो खरा. पण ज्या बोटाला किंमत लावली, त्याच्या रक्षणासाठी मालकाने यंत्राला झाकण बसविले, हेही तितकेच खरे.

ज्या बोटाला किंमत लावणारा कोणी नाही, त्याचे काय? ही कथा आहे अमेरिकेतल्या घरांची. १९२०च्या दशकात एडमंड मिशेल या गृहस्थाने उसाच्या मळ्यातील कोयत्यांचे श्रम पाहून विजेचा कोयता करण्याची खटपट केली. तीतून हातात धरून चालविण्याची गोल करवत जन्मली. दुसरे महायुद्ध संपले, सैनिक परतले, नवी घरे उठली आणि घरोघरी तळघरात किंवा मोटारखान्यात सुतारकीचे टेबल आले. १९४७ साली हान्स गोल्डश्मिट याने शॉपस्मिथ नावाचे पाच यंत्रांचे काम करणारे एकच यंत्र विक्रीस आणले. १९५४ साली 'टाइम' साप्ताहिकाने 'आपले काम आपणच करा' या छंदाला मुखपृष्ठावर मान दिला. मुलाचा पाळणा, पत्नीचे कपाट बापाने स्वतः करावे, यापरता सुंदर छंद कोणता?

परंतु या घरगुती कारखान्यात तपासनीस नव्हता, मुकादम नव्हता, भरपाईचा कायदाही नव्हता. मालक आणि मजूर एकच. अमेरिकी करवतीत पाचर पात्यावरच्या झाकणालाच जोडलेली असे. काही कामांना, विशेषतः खाच पाडताना, ती दोन्ही काढावी लागत; आणि काढलेली वस्तू पुन्हा बसविण्याचा कंटाळा कोणाला येत नाही? झाकण भिंतीवरच्या खिळ्याला टांगले जाई ते कायमचे. पंचतंत्रातले माकड निदान ओंडक्यावर नवखे होते. येथे घरधनी रोज आपल्याच हाताने पाचर उपटून ठेवीत होता. पात्याबरोबर वरखाली होणारी, सहसा काढावी न लागणारी पाचर अमेरिकेच्या प्रमाणसंस्थेने नव्या रचनेच्या टेबल करवतींना आवश्यक केली ती २००८ साली. ब्रिटिश कारखान्यांच्या नियमानंतर तब्बल शहाऐंशी वर्षांनी!

दरम्यान वैद्यक पुढे गेले. १९६५ साली जपानमधील नारा येथे कोमात्सू आणि तमाई या शल्यवैद्यांनी पूर्ण तुटलेला अंगठा, त्याच्या जेमतेम मिलिमीटरभर रुंदीच्या रक्तवाहिन्या सूक्ष्मदर्शकाखाली शिवून, पुन्हा जिवंत केला. मात्र सुरीने स्वच्छ तुटलेले बोट जितके सहज जुळते तितके करवतीचे जुळत नाही, कारण करवत नुसती कापीत नाही. चुरा करून नेते.

१९९९ साली ऑरेगन राज्यातील स्टीफन गॅस नावाच्या पदार्थवैज्ञानिक-वकिलाला एक युक्ती सुचली. पात्यावर विजेचा क्षीण संकेत खेळता ठेवावयाचा. सुके लाकूड तो ओढीत नाही, ओलसर बोट ओढते. फरक कळताच ॲल्युमिनियमचा ठोकळा पात्यात घुसतो आणि सेकंदाच्या दोनशेव्या भागात पाते थांबते. लोकांना हे सॉसेजवर दाखवून झाल्यावर गॅसने स्वतःचे बोट पात्याला लावले. किरकोळ जखमेवर भागले. यंत्रोत्पादकांनी युक्ती घेतली नाही, तेव्हा त्याने २००४ साली आपलीच करवत बाजारात आणली. ही सोय सक्तीची करावी काय, यावर अमेरिकेत दीर्घ वाद झाला. किंमत वाढेल, एकाच्या पेटंटाची मक्तेदारी होईल, माणसे बेफिकीर होतील, असे विरोधक म्हणत. त्यांचे सगळेच म्हणणे पोकळ नव्हते. पण सरकारी अंदाज असा की, तेथे २०१५ या एकाच वर्षी टेबल करवतीच्या पात्याने जखमी झालेले सुमारे तीस हजार लोक रुग्णालयांत आले आणि त्यांतील चार हजारांहून अधिक जणांचा अवयव तुटला होता. बहुतेक जखमा अर्थातच बोटांच्या होत्या.

एवढी सारी माणसे मूर्ख होती काय? मला तसे वाटत नाही. हजार वेळा जे निर्विघ्न पार पडले ते एक हजार एकाव्या वेळी उलटते, आणि सवयीला हे कधीच पटत नाही. म्हणूनच 'सावध राहा' हा उपदेश खरा असूनही अपुरा आहे. सावधपणाला डुलकी लागते. पाचरीला लागत नाही.

आता ही यंत्रे आपल्याकडेही आली आहेत. घरी प्लायवुडचे काम निघाले की मिस्त्री फरशी कापण्याच्या कटरला लाकडाचे पाते लावून, झाकण काढून, उकिडवा बसून काम करताना दिसतो. हौशी मंडळी सज्जात टेबल थाटू लागली आहेत. छंद जरूर करावा. पण यंत्र घेताना रंग आणि सवलत पाहण्याआधी पाचर आणि झाकण पाहावे. फळी काठीने ढकलावी. फिरत्या पात्यापाशी हातमोजे घालू नयेत, ते बोटासकट ओढले जातात. पाते बदलताना प्लग आधी काढावा. आणि घरी कामाला आलेल्या मिस्त्रीला चहा देताना, "झाकण लावून घ्या, चार दिवस उशीर झाला तरी चालेल," असे आपण होऊन सांगावे. ते झाकण पुष्कळदा आपल्या घाईपायीच निघालेले असते.