हत्तीचा पाऊस

'पडेल हत्ती, तर कोसळतील भिंती' ही म्हण घरात कोणी उच्चारली, की मुले विचारतात, पावसात हत्ती कोठून आला?

आपल्या शेतकऱ्याने पाऊस मोजला तो सूर्याच्या नक्षत्रांनी. ७ जूनच्या सुमारास मृग लागते, २७ सप्टेंबरच्या सुमारास हस्त. संस्कृतात 'हस्त' म्हणजे हात; सोंड हाच ज्याचा हात, तो 'हस्तिन्', म्हणजेच हत्ती. या साधर्म्याने बोलीत हस्ताचा पाऊस हत्तीचा झाला. चार महिने भिजलेल्या मातीच्या भिंती त्याच्या गडगडाटी माऱ्याने खचत. म्हणून ही म्हण. भोंडल्याच्या पाटावर मुली काढतात तो हत्तीही याच हस्ताचा.

येथील कन्नड शेतकरीही पाऊस नक्षत्रांच्याच नावांनी ओळखतो. शिवाय बंगळुरात पावसाचा जोर सप्टेंबर-ऑक्टोबरात असतो. तेव्हा ही म्हण गावाकडेच राहिली असे समजण्याचे कारण नाही. राजाजीनगरच्या गच्चीवरही हत्ती दरवर्षी येतो. त्याची ओळख मुलांना आपणच करून द्यावयाची आहे. ती राहून गेली, तर पाऊस पडतच राहील. हत्ती मात्र आपल्या घरातून कायमचा निघून जाईल.