रोहिणी हट्टंगडी : ‘गांधी’ फोर-के डिस्कवर, मराठी कामाचा शोध मात्र प्रेक्षकाकडेच

शोळिंगनल्लूर (चेन्नई) : ब्रिटिश चित्रपटातील भूमिकेसाठी ‘बाफ्टा’ पुरस्कार मिळविणाऱ्या ज्येष्ठ अभिनेत्री रोहिणी हट्टंगडी यांची चित्रपट कारकीर्द साडेचार दशकांहून अधिक काळाची आहे. चेन्नईच्या दक्षिणेकडील जुन्या महाबलीपुरम मार्गावर, शोळिंगनल्लूरच्या माहिती-तंत्रज्ञान पट्ट्यात नोकरीसाठी आलेल्या मराठी कुटुंबाला ही कारकीर्द पाहायची झाल्यास नाट्यगृहाचा मार्ग जवळपास बंदच असतो. उरतात डिस्क, दूरचित्रवाणी आणि ओटीटी. या तिन्ही ठिकाणी त्यांचे काम सारख्या प्रमाणात उपलब्ध नाही.

सर्वांत सुस्थितीत आहे तो रिचर्ड अ‍ॅटनबरो यांचा ‘गांधी’. पुण्यात वाढलेल्या आणि राष्ट्रीय नाट्य विद्यालयात इब्राहिम अल्काझी यांच्या हाताखाली शिकलेल्या हट्टंगडी या भूमिकेच्या वेळी तरुणच होत्या. ऐन तारुण्यातील कस्तुरबांपासून आगाखान पॅलेसमध्ये अखेरचा श्वास घेणाऱ्या वृद्धेपर्यंतचे वय त्यांना साकारायचे होते. कस्तुरबांचे निधन २२ फेब्रुवारी १९४४ रोजी पुण्याच्या याच वास्तूत झाले होते. चित्रीकरण नोव्हेंबर १९८० ते मे १९८१ या काळात चालले आणि ३० नोव्हेंबर १९८२ रोजी नवी दिल्लीत चित्रपटाचा पहिला खेळ झाला. त्याला आठ ऑस्कर मिळाले. ‘बाफ्टा’च्या पाच पुरस्कारांपैकी सहायक अभिनेत्रीचा मान हट्टंगडी यांना ‘रेड्स’मधील मॉरीन स्टेपलटन यांच्यासह विभागून मिळाला.

या चित्रपटाचे मराठी अंग अनेकदा विसरले जाते. गोपाळ कृष्ण गोखले यांची भूमिका डॉ. श्रीराम लागू यांनी केली, तर वेशभूषेसाठी जॉन मोलो यांच्यासह ऑस्कर घेणाऱ्या भानू अथैया मूळच्या कोल्हापूरच्या. ऑस्कर मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय. राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळ (एनएफडीसी) या निर्मितीत आर्थिक भागीदार होते.

‘गांधी’ची होम व्हिडिओवरील वाटचालही सलग आहे. पंचविसाव्या वर्षानिमित्त २००७ मध्ये दोन डिस्कची डीव्हीडी आली, २००९ मध्ये ब्लू-रे आली आणि जून २०२० मध्ये कोलंबिया कंपनीच्या सहा निवडक चित्रपटांच्या फोर-के संचात त्याचा समावेश झाला. ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ हा त्याच संचातील दुसरा चित्रपट. १९१ मिनिटांच्या या कृतीची निगा राखणारी, तिचे हक्क एका हाती असणारी धनाढ्य कंपनी मागे आहे, हे या सातत्याचे साधे कारण होय.

भारतीय चित्रपटांना असे एकसंध पालकत्व सहसा लाभलेले नाही. हट्टंगडी यांना सहायक अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळवून देणारा गोविंद निहलानी यांचा ‘पार्टी’ (१९८४) त्यातल्या त्यात सुदैवी. महेश एलकुंचवार यांच्या नाटकावर आधारलेला हा चित्रपट एनएफडीसीने ‘सिनेमाज ऑफ इंडिया’ या नाममुद्रेखाली डीव्हीडीवर आणला. ‘अर्थ’मधील मोलकरणीच्या आणि ‘अग्निपथ’मधील आईच्या भूमिकांसाठी त्यांना फिल्मफेअर पुरस्कार लाभले. ‘सारांश’मध्ये त्यांनी आणि अनुपम खेर यांनी ऐन उमेदीच्या वयात वृद्ध प्रधान दाम्पत्य उभे केले. मुंबईतील मराठी मध्यमवर्गाचे इतके नेमके चित्रण हिंदीत क्वचितच झाले आहे.

हे चित्रपट घरोघरी पोहोचले ते स्वस्त डिस्कच्या काळात. मोझर बेअर कंपनीने २००७ च्या सुमारास व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना विकायला सुरुवात केली आणि हिंदीसह तमिळ, मराठी चित्रपटांचीही बाजारपेठ बदलली. पुढे कंपनी डबघाईला आली व २०१८ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत तिच्या अवसायनाचा आदेश निघाला. तेव्हाच्या डिस्क आज जुन्या वस्तूंच्या दुकानांत सापडतात. त्यांची नवी आवृत्ती निघत नाही.

चेन्नईकर प्रेक्षकाला हट्टंगडी परक्या नाहीत. ‘मुन्नाभाई एमबीबीएस’मध्ये (२००३) सुनील दत्त यांच्यासमवेत त्यांनी केलेली आईची भूमिका त्यांनी तमिळ रूपांतरातही केली. कमल हासन यांचा ‘वसूल राजा एमबीबीएस’ ऑगस्ट २००४ मध्ये प्रदर्शित झाला आणि तेथे त्यांच्या पतीच्या भूमिकेत नागेश होते. त्याआधी १९९१ मध्ये तेलुगूतील ‘सीतारामय्यगारी मनवरालु’मध्ये त्या अक्किनेनी नागेश्वर राव यांच्या पत्नी झाल्या होत्या, तर मल्याळममध्ये त्यांनी ‘अच्चुवेट्टन्टे वीडु’ (१९८७) केला. मराठी अभिनेत्रीचा दक्षिणेतील हा प्रवास महाराष्ट्रात मात्र फारसा परिचित नाही.

मराठीतील त्यांचे सर्वाधिक पाहिले गेलेले काम म्हणजे ‘चार दिवस सासूचे’. ईटीव्ही मराठीवर २००१ ते २०१३ या काळात मालिकेचे तीन हजारांहून अधिक भाग झाले. प्रत्येक भाग सरासरी २२ मिनिटांचा धरला तरी हा ऐवज ११०० तासांचा होतो; दोन तासांच्या साध्या डीव्हीडीवर तो उतरवायचा म्हटल्यास साडेपाचशे डिस्क लागतील. अशी गोष्ट कोणी विकत घेणार नाही, म्हणून कोणी काढणारही नाही. वाहिनीचे नावदेखील २०१५ मध्ये बदलून कलर्स मराठी झाले. ‘चार दिवस सासूचे’नंतर ‘होणार सून मी ह्या घरची’मधील आईआजीने त्यांना नव्या पिढीच्या घरात नेले.

रंगभूमीची स्थिती याहून नाजूक आहे. पती व दिग्दर्शक जयदेव हट्टंगडी यांच्यासोबत केलेले ‘चांगुणा’ हे लोर्काच्या ‘येर्मा’चे मराठी रूप, तसेच ‘अपराजिता’ हा एकपात्री प्रयोग ही त्यांच्या अभिनयाची कसोटी पाहणारी कामे. संगीत नाटक अकादमीने २००४ च्या पुरस्काराने या नाट्यकार्याची दखल घेतली. जयदेव यांचे २००८ मध्ये निधन झाले. चित्रपटाची खराब झालेली प्रत पुन्हा घडविता येते. प्रयोगाचे ध्वनिचित्रमुद्रणच झाले नसेल, तर तंत्रज्ञांच्या हाती काहीच नसते.

चित्रपटांपुरती तरी सरकारी व्यवस्था उभी राहत आहे. पुण्यातील राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय २०२२ मध्ये एनएफडीसीत विलीन झाले. त्याच वर्षी राष्ट्रीय चित्रपट वारसा अभियानांतर्गत सुमारे २२०० चित्रपटांच्या पुनरुज्जीवनासाठी ३६३ कोटी रुपयांची तरतूद जाहीर करण्यात आली. मात्र जपलेली प्रत आणि विक्रीस आलेली प्रत यांत हक्कांच्या कराराचे अंतर असते. संग्रहालयात असलेला चित्रपट शोळिंगनल्लूरच्या घरात दिसेलच असे नाही.

अलीकडच्या काळात केदार शिंदे दिग्दर्शित ‘बाईपण भारी देवा’ (प्रदर्शन ३० जून २०२३) हा त्यांचा सर्वांत गाजलेला मराठी चित्रपट ठरला. मंगळागौरीच्या स्पर्धेसाठी एकत्र येणाऱ्या सहा बहिणींपैकी एक त्या झाल्या. वंदना गुप्ते, सुकन्या मोने, शिल्पा नवलकर, सुचित्रा बांदेकर व दीपा परब या उरलेल्या पाच. नायकाच्या नावावर तिकिटे विकली जातात हा व्यवसायातील समज या चित्रपटाने खोटा पाडला, आणि बायकांचे जथेच्या जथे नटूनथटून चित्रपटगृहांत गेले. प्रदर्शनानंतर तो ओटीटीवर उपलब्ध झाला. परप्रांतातील मराठी घरांना डीव्हीडीची वाट पाहावी लागली नाही.