बहात्तर मतं

मे महिन्यात नातू चार दिवस राहायला आला होता. जाताना इंग्रजी चित्रकथांचं एक जाडजूड पुस्तक इथेच विसरून गेला. फोन केला तर म्हणाला, "राहू दे आजी, पुढच्या वेळी नेईन. तोवर तू वाच." म्हणाला चेष्टेनेच. पण मला रिकामा वेळ भरपूर, आणि हाताशी आलेलं पुस्तक न वाचता ठेवायची सवय नाही. माझं सगळं शिक्षण मराठीतून झालेलं, त्यामुळे शब्दकोश शेजारी घेऊनच बसले. वाचून संपलं, पण पुढचे दोन दिवस ते काही डोक्यातून जाईना. म्हणून हा लेख.

पुस्तक बॅटमनचं. ज्यांना या मंडळींची फारशी ओळख नाही त्यांच्यासाठी जरा मागून सुरुवात करते.

बॅटमन पहिल्यांदा छापून आला मे १९३९ मध्ये, अमेरिकेतल्या 'डिटेक्टिव्ह कॉमिक्स' या मासिकाच्या २७ व्या अंकात. ब्रूस वेन नावाचा गर्भश्रीमंत माणूस. लहानपणी त्याच्या डोळ्यांदेखत गॉथम शहरात (हे शहर काल्पनिक आहे) त्याच्या आईवडिलांचा खून होतो. मोठेपणी तो वटवाघळाचा वेष चढवून रात्रीबेरात्री गुन्हेगारांच्या मागावर निघतो. वर्षभरातच लेखक बिल फिंगरला एक अडचण जाणवू लागली. हा नायक एकटा. त्याच्या मनात काय चाललंय ते वाचकाला कळायचं कसं? तो बोलणार कुणाशी? शेरलॉक होम्सला जसा वॉटसन, तसा याला कुणीतरी हवा. म्हणून एप्रिल १९४० च्या अंकात रॉबिन अवतरला. त्याच्या जन्मात फिंगरबरोबर बॉब केन आणि जेरी रॉबिन्सन या चित्रकारांचाही वाटा होता. रॉबिनचं खरं नाव डिक ग्रेसन. सर्कशीत झुल्यावर कसरती करणाऱ्या जोडप्याचा हा मुलगा. खंडणीखोर गुंडांमुळे त्याचे आईवडील जातात आणि ब्रूस वेन त्याला घरी आणतो.

पोरगा आला आणि अंकाचा खप जवळजवळ दुप्पट झाला, असं सांगतात. मग काय, सगळ्यांनीच तो कित्ता गिरवला. १९४१ मध्ये कॅप्टन अमेरिकेला बकी मिळाला, ग्रीन ॲरो या धनुर्धराला स्पीडी मिळाला. नायकाच्या या छोट्या सोबत्याला तिकडे 'साइडकिक' म्हणतात.

या पोरांबद्दल मला एक गोष्ट गमतीची वाटली. बहुतेक सगळी अनाथ, पण सगळी कशी गुणी! डोळ्यांसमोर आईबाप गेलेला मुलगा ना रात्री दचकून उठतो, ना शाळेत कुणाच्या अंगावर धावून जातो. पस्तीस वर्षं वर्गात उभी राहिल्यामुळे सांगते, असं होत नाही.

पण तसं दाखवण्याची सोयही फारशी नव्हती. १९५४ मध्ये फ्रेडरिक वर्थम या मानसोपचारतज्ज्ञाने चित्रकथांमुळे मुलं बिघडतात असं सांगणारं एक पुस्तक लिहिलं, ते खूप गाजलं. त्याच वर्षी अमेरिकी सिनेटच्या बालगुन्हेगारीवरच्या उपसमितीने चित्रकथांची सुनावणी घेतली. (वर्थमने आपल्या नोंदींमध्ये सोयीस्कर फेरफार केले होते, हे २०१२ मध्ये कॅरल टिली या संशोधक बाईंनी त्याची मूळ कागदपत्रं तपासून दाखवून दिलं. पण तोवर अठ्ठावन्न वर्षं उलटली होती.) धास्तावलेल्या प्रकाशकांनी स्वतःच एक आचारसंहिता करून घेतली. मुलं बिघडतात म्हणून ओरड झाल्यावर चित्रकथेतलं मूल बिघडलेलं दाखवणार कोण?

पहिली मोठी चीर पडली १९७१ साली. आचारसंहिता थोडी सैल झाली आणि लेखक डेनी ओनील व चित्रकार नील ॲडम्स यांनी ग्रीन ॲरोचा तोच गुणी स्पीडी चक्क हेरॉईनच्या आहारी गेलेला दाखवला. त्याला सांभाळणारा ग्रीन ॲरो काय करतो? त्याला मारतो आणि घराबाहेर काढतो. पोरगा सावरतो, पण त्याच्या उशाशी बसते ती ब्लॅक कॅनरी ही दुसरीच नायिका. गुन्हेगारांशी लढायला सदैव तयार असलेल्या नायकाला घरातला मुलगा मात्र कळलेला नव्हता. डेनी ओनील हे नाव लक्षात ठेवा, ते पुन्हा येणार आहे.

आता मूळ गोष्ट. पहिला रॉबिन मोठा झाला, कॉलेजात गेला आणि १९८४ मध्ये 'नाइटविंग' या नावाने स्वतंत्र झाला. त्याची जागा भरायला १९८३ मध्येच जेसन टॉड हा दुसरा मुलगा आणला होता. पण तो म्हणजे पहिल्याचीच नक्कल. पुन्हा सर्कस, पुन्हा झुला, पुन्हा खून झालेले आईवडील. १९८५-८६ मध्ये कंपनीने आपल्या साऱ्या काल्पनिक विश्वाची फेरमांडणी केली, कित्येक पात्रांची जुनी चरित्रं पुसून नवी लिहिली. तेव्हा मॅक्स ॲलन कॉलिन्स या लेखकाने जेसनलाही नवा जन्म दिला. साल १९८७, 'बॅटमन' मासिकाचा अंक ४०८.

ही नवी सुरुवात मला फार आवडली. जिथे आईवडिलांचा खून झाला त्याच गल्लीत बॅटमन आपली सुप्रसिद्ध गाडी उभी करून गेलेला असतो. परत येऊन बघतो तर गाडीची चाकं गायब! एक किडकिडीत पोरगा चाकं काढून नेत असतो. पकडल्यावर घाबरणं दूरच, तो हातातल्या पान्याने बॅटमनलाच फटका हाणतो. बाप गुन्हेगारांच्या टोळीत होता, तो नाहीसा झालेला. आई नशेपायी गेलेली. पोरगा एका पडक्या इमारतीत एकटा राहतो, सिगारेट ओढतो, चाकं विकून पोट भरतो.

बॅटमन त्याला एका शाळेत नेऊन घालतो. वाया गेलेल्या मुलांसाठी मा गन नावाच्या म्हाताऱ्या बाईंनी चालवलेली शाळा. आणि ती शाळा निघते चोऱ्यामाऱ्या शिकवणारी! हे सांगतो कोण, तर जेसनच. चोरी करणाऱ्या पोराला चोरीची शाळा आवडली नाही, तो तिथून पळाला. शेवटी बॅटमनच्या मदतीलाही तोच धावून येतो, आणि पुढे रॉबिनचा लाल-हिरवा पोशाख त्याच्या अंगावर चढतो.

इथवर सगळं छान. पण अंगावर पोशाख चढला म्हणून मागचं आयुष्य पुसलं जात नाही. जेसन रागीट होता, सांगितलेलं ऐकायचा नाही, आधी उडी मारायचा आणि मग बघायचा. आपल्या बापाला टू-फेस या गुंडाने मारलं आणि बॅटमनने ते आपल्यापासून लपवलं, हे कळल्यावर तो आणखी बिथरला. पुढे जिम स्टारलिन हा नवा लेखक आला. त्याला मुळात रॉबिन हे पात्रच फारसं पसंत नव्हतं. १९८८ मधली त्याची एक कथा आहे. परदेशी वकिलातीतल्या अधिकाऱ्याचा मुलगा बायकांवर अत्याचार करतो, पण कायदा त्याला हात लावू शकत नाही. एक मुलगी जीव देते. जेसन तिरीमिरीत त्या माणसाच्या घरी जातो, आणि बॅटमन मागोमाग पोहोचतो तेव्हा तो माणूस उंच गच्चीवरून खाली पडत असतो. ढकलला की घाबरून पडला? जेसन म्हणतो, मला बघून दचकला आणि घसरला. लेखकाने उत्तर दिलेलंच नाही.

वाचकांमध्ये नाराजी वाढू लागली. हा उर्मट आहे, पहिल्यासारखा नाही, याला काढा. संपादक होता तोच, डेनी ओनील. १९८२ मध्ये अमेरिकेच्या दूरदर्शनवर 'सॅटर्डे नाइट लाइव्ह' या विनोदी कार्यक्रमात एडी मर्फी या नटाने एक जिवंत शेवंड समोर धरून प्रेक्षकांना विचारलं होतं, हिला उकळू की सोडू? फोन करून मत द्या. ओनीलला ते आठवलं. (तिथे शेवंडीला वाचवा म्हणणाऱ्यांची सरशी झाली होती, हे मुद्दाम सांगते.)

तर कथा अशी रचली. बेशिस्त वागतो म्हणून बॅटमन जेसनला कामावरून बाजूला करतो. तेवढ्यात जेसनला आपला जन्मदाखला सापडतो आणि कळतं, की जिला तो आई समजत होता ती जन्मदात्री नव्हतीच. तो खऱ्या आईच्या शोधात निघतो, लेबनॉनपासून इथिओपियापर्यंत. दुष्काळग्रस्तांच्या छावणीत काम करणारी ती बाई त्याला भेटते. पण ती आधीच जोकर या खलनायकाच्या कचाट्यात असते, आणि स्वतःची कातडी वाचवायला सापडलेल्या मुलाला त्याच्या हवाली करते. जोकर लोखंडी पहारीने त्याला मरेस्तोवर मारतो, दोघांना गोदामात कोंडतो आणि बॉम्ब लावून निघून जातो. रक्तबंबाळ झालेला पोरगा त्याही अवस्थेत आईचे दोर सोडवतो. जिने त्याला विकलं, तिचे. दार बंद असतं. स्फोट होतो. अंक संपतो.

मागच्या पानावर दोन फोन नंबर. एक 'जगू द्या'चा, एक 'मरू द्या'चा. एका फोनला पन्नास सेंट, मुदत छत्तीस तास. सप्टेंबर १९८८. एकूण १०,६१४ फोन आले. जगू द्या म्हणणारे ५,२७१. मरू द्या म्हणणारे ५,३४३.

फरक फक्त ७२ चा.

चित्रकार जिम अपारोने दोन्ही शेवट आधीच काढून ठेवले होते. छापला गेला तो बॅटमनच्या हातांवरच्या निष्प्राण मुलाचा. एका माणसाने संगणक जोडून दर दीड मिनिटाला मृत्यूच्या बाजूने फोन लावला होता, असं आपल्या कानावर आल्याचं ओनीलने नंतर सांगितलं. वृत्तपत्रांत बराच गदारोळ झाला. गंमत अशी, की फ्रँक मिलर या लेखकाने १९८६ मध्येच एका कथेत म्हाताऱ्या बॅटमनच्या तळघरात मेलेल्या जेसनचा पोशाख काचेच्या कपाटात मांडून ठेवला होता.

माझा नातू म्हणाला, "आजी, अगं खोटा मुलगा होता तो. कागदावरचा." खरं आहे. पण मी त्याच दशकातल्या एका खऱ्या मुलाबद्दल विचार करत होते.

आमच्या शाळेत नववीत एक मुलगा होता. बाप घर सोडून गेलेला, आई लोकांकडे धुणीभांडी करायची. शाळेच्या पाण्याच्या टाकीचा पितळी नळ त्याने काढून भंगारवाल्याला विकला. त्याआधीही सायकलींचे दिवे, मारामाऱ्या, शिक्षकांना उलट उत्तरं हे सगळं होतंच. त्याच वर्षी त्याच्याच वर्गातल्या एका अशक्त मुलाला कुणी छळलं की हा मध्ये उभा राहायचा, तेही मी पाहिलं होतं. शिक्षकांची सभा झाली. त्याला दाखला द्यावा असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करा, असं सांगण्यात आलं. मी आजूबाजूला पाहिलं. हात वर होत होते. मीही केला. मी एकटीने खाली ठेवला असता तर निकाल बदलला नसता, पण हा हिशोब मी त्या वेळी केला नव्हता. पुढच्या वर्षी तो माझ्या वर्गात नसेल, एवढंच मनात आलं होतं.

दाखल्यावर 'वर्तणूक' नावाचा रकाना असतो. तिथे आम्ही 'चांगली' असं लिहिलं. पुढे कुठे अडायला नको म्हणून. त्याची आई तो कागद घेऊन आमचेच आभार मानून गेली.

असो. गॉथममध्ये पुढे काय झालं ते सांगून संपवते. १९८९ मध्ये तिसरा रॉबिन आला, टिम ड्रेक. हुशार, अभ्यासू, चांगल्या घरचा, आणि अंगावर पोशाख चढवण्याआधी भरपूर सराव करणारा. वाचकांना तो आवडला. मलाही असाच विद्यार्थी आवडायचा, खोटं कशाला बोलू? आणि २००५ मध्ये जड विनिक या लेखकाने जेसनला परत आणलं. 'रेड हूड' या नावाने, तोंडावर लाल मुखवटा, हातात बंदूक. आता तो गुन्हेगारांना सरळ ठार मारतो. बॅटमनवर त्याचा राग आहे, पण तू मला वाचवलं नाहीस म्हणून नाही. माझ्यामागे तुझं काहीच कसं बदललं नाही, मला मारणारा अजून जिवंत कसा, हा त्याचा प्रश्न. त्यावर बॅटमनला धड उत्तर देता येत नाही. आणखी एक. २०२३ मध्ये कंपनीने तो न छापलेला शेवट घालून जुना अंक पुन्हा काढला. त्यात बॅटमन ढिगाऱ्यातून मुलाला उचलतो आणि त्याच्या लक्षात येतं, की श्वास चालू आहे. पस्तीस वर्षं ते चित्र तयार होतं.

पुस्तक न्यायला नातू गेल्या आठवड्यात आला, तेव्हा त्याला विचारलं, "तू असतास तर कुठला नंबर फिरवला असतास?"

तो थोडा वेळ विचारात पडला. मग म्हणाला, "खरं सांगू आजी? वाचव म्हणायला पन्नास सेंट कोण घालवणार? मी फोनच केला नसता."

मासिकाचे वाचक दहा हजारांहून कितीतरी अधिक होते. मी पुस्तक पिशवीत घालून त्याच्या हातात दिलं आणि चहा टाकायला आत गेले.