अ‍ॅसिडिटीच्या कॅप्सूलमधलं फ्रेंच घराणं

‘रोज सकाळी उपाशीपोटी एक’ असं सांगून मिळणारी अ‍ॅसिडिटीची कॅप्सूल महाराष्ट्रात कितीतरी घरांत असते. तिच्या नावामागे ‘एल’ लागलेलं असेल, तर पाकीट उलटून बारीक अक्षरं वाचावीत. पँटोप्राझोल किंवा रॅबेप्राझोलच्या शेजारी बऱ्याचदा ‘लिव्होसल्पिराइड ७५ मिलिग्रॅम’ असं दिसतं. हे नाव इंटरनेटवर शोधणारा दचकतोच, कारण समोर येतं स्किझोफ्रेनियाचं औषध. डॉक्टरांनी आपल्याला वेड्यात काढलं की काय?

तसं काही नाही. या औषधाचं मूळच पोटाकडचं आहे. हृदयाच्या ठोक्यांवर दिल्या जाणाऱ्या प्रोकेनामाइडमध्ये फेरफार करताना लुई जुस्तँ-बेझाँसाँ आणि शार्ल लाव्हिल या फ्रेंच संशोधकांच्या हाती उलटी थांबवणारं मेटोक्लोप्रमाइड लागलं. १९६४ साली त्यांनी ते जगापुढे मांडलं. त्याच रेणूत आणखी बदल होत दशक सरायच्या आत सल्पिराइड तयार झालं. ते जठरातल्या व्रणांवर चाललं, आणि मात्रा वाढवली की मनोविकारांवरही. जपानमध्ये तर एकाच औषधाच्या माहितीपत्रकात दोन्ही आजार शेजारी नांदतात: जठरव्रणासाठी दिवसाला १५० मिलिग्रॅम, स्किझोफ्रेनियासाठी ३०० ते ६००.

सल्पिराइड म्हणजे एकमेकांच्या आरशातल्या प्रतिमा असलेल्या दोन रेणूंचं समसमान मिश्रण. त्यातला जास्त कामाचा डावा रेणू वेगळा काढला, तो इटलीत. तेच लिव्होसल्पिराइड. जपानी रुग्णाच्या १५० मिलिग्रॅममध्ये हा डावा रेणू ७५ मिलिग्रॅम भरतो. आपल्या कॅप्सूलवरचा आकडाही तोच!

काम कसं चालतं? शरीरातलं डोपामाइन हे रसायन जठराची हालचाल मंदावतं. औषध त्याला अडवतं, अन्न पुढे सरकतं, चार घासांत पोट गच्च होणं कमी होतं. मेंदूभोवती रक्तातल्या पदार्थांना रोखणारा तट असतो आणि हे औषध तो जेमतेमच ओलांडतं, म्हणून कमी मात्रेत मनावर फारसा परिणाम दिसत नाही. उलटीचं केंद्र मात्र तटाबाहेर आहे, तिथे ते सहज पोचतं.

पिट्युटरी ग्रंथीही तटाबाहेरच, आणि खरी कटकट तिथे आहे. तिथून येणारं प्रोलॅक्टिन हे संप्रेरक चढतं, पाळी लांबते, मूल नसताना स्तनांतून दूध येतं. पुरुषांची कामेच्छा मंदावते, पण हे ते डॉक्टरांकडे बोलतात थोडेच! औषध थांबवल्यावर हे बहुधा ओसरतं.

हातापायांचं तसं नाही. २००९ मध्ये कोरियातल्या डॉक्टरांनी या औषधाने हालचाली बिघडलेल्या ९१ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. बहुतेकांना पार्किन्सनसारखी लक्षणं होती, आणि त्यांतल्या सुमारे निम्म्यांची औषध सोडल्यावरही गेली नाहीत. अमेरिकेत या औषधाला मान्यताच नाही. आपल्याकडे जुनी चिठ्ठी दाखवली की मेडिकलमधून पुढचं पाकीट मिळतं आणि काही आठवड्यांचा उपचार वर्षभर लांबतो.

म्हणून सत्तरीतल्या आजोबांचे हात थरथरू लागले, पाय घासटू लागले, तर पार्किन्सनची गोळी सुरू करण्याआधी जाणता न्यूरॉलॉजिस्ट घरातली औषधांची पिशवी मागवून घेतो. त्यात ही कॅप्सूल निघाली तर आधी ती बंद होते आणि काही महिने वाट पाहिली जाते. मधल्या काळात मळमळ झाली, तरी मेटोक्लोप्रमाइड द्यायचं नसतं. तेही डोपामाइनच अडवतं.