नगरफेरी, मार्गदर्शित

मार्गदर्शित नगरफेरी : बाहेरून आलेल्या पाहुण्यांना एखादे शहर, गाव किंवा त्यातला एखादा भाग ठरलेल्या वाटेने, ठरलेल्या वेळात आणि माहितगार माणसाच्या सोबतीने दाखवण्याचा व्यवसाय. ही फेरी पायी असते, बसने असते, कधी सायकलवर असते. पाश्चात्त्य शहरांत रात्री एका मद्यालयातून दुसऱ्यात नेणारी ‘पब क्रॉल’ हा तिचाच एक प्रकार. या व्यवसायात स्थळे विकली जातात, असा सर्वसाधारण समज आहे. तो नीट तपासला तर टिकत नाही. रस्ता, देऊळ, बाजारपेठ, किल्ल्याचा बुरूज हे पाहायला बहुधा पैसे पडत नाहीत आणि पडले तरी ते तिकीटघरात जातात. वाटाड्या ज्याचे पैसे घेतो तो क्रम असतो : आधी काय पाहायचे, मग काय, आणि कशाकडे पाठ करून उभे राहायचे. जळगाव जिल्ह्यातल्या यावलसारख्या तालुक्याच्या गावात अशी फेरी होऊ शकते का, या प्रश्नाचे उत्तरही स्थळांच्या मोजदादीत सापडणार नाही.

या धंद्याचा उगम सांगताना टॉमस कुकचे नाव घ्यायची पद्धत आहे. 5 जुलै 1841 रोजी त्याने इंग्लंडमधल्या लेस्टरहून लाफबरोपर्यंत दारूबंदीच्या मेळाव्यासाठी सुमारे पाचशे माणसे एका शिलिंगच्या भाड्यात रेल्वेने नेली. दारू सुटावी म्हणून निघालेल्या त्या सहलीच्या वंशात पुढे पब क्रॉल जन्मावी, हा योग मजेदार खरा. पण मराठी मुलखाला पाहुण्याला क्रमाने हिंडवण्याची रीत कुकने शिकवलेली नाही. नाशिक-त्र्यंबकचे तीर्थोपाध्याय यजमानाला उतरवून घेत, रामकुंड, काळाराम, सीतागुंफा, तपोवन असे फिरवत, जागोजागची कथा सांगत आणि त्याचे नाव वहीत चढवत. त्याहून ठळक पुरावा महानुभावांच्या ‘स्थानपोथी’चा. चक्रधरस्वामी तेराव्या शतकात जिथे जिथे राहिले, बसले, जेवले, त्या जागांची ही नोंद. देवळाचे दार कोणत्या दिशेला, त्याच्या कोणत्या अंगाला मठ, कुठे कोणती लीळा झाली, हे तीत गावोगावचे सांगितले आहे. शोभा वर्णन करण्यात पोथीला रस नाही. पुढच्या पिढीच्या भक्ताने त्याच जागी, त्याच दिशेने उभे राहावे, एवढाच तिचा हेतू. आजच्या भाषेत ही मार्गदर्शिकाच, आणि तीही बहुतेक युरोपीय मार्गदर्शिकांच्या कितीतरी आधीची.

क्रम बदलला की पाहिलेली वस्तूच कशी बदलते, याचे सर्वांत चांगले उदाहरण खानदेशच्या दाराशी आहे. अजिंठ्याची लेणी छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात असली तरी रेल्वेने येणारा पाहुणा जळगावला उतरतो आणि साठेक किलोमीटरची वाट धरतो. लेण्यांचे क्रमांक वाघोरा नदीच्या वळणावर एका टोकापासून ओळीने दिलेले आहेत. त्यांचा काळाशी संबंध नाही. त्यामुळे तिकीट काढून आत शिरलेला माणूस पहिल्या क्रमांकाच्या लेण्यात पाचव्या शतकातला पद्मपाणी बघतो आणि मग पुढे चालत नवव्या-दहाव्या क्रमांकाशी, म्हणजे इसवी सनापूर्वीच्या चैत्यगृहांशी पोहोचतो. त्याच्या मनात इतिहास उलटा भरतो. भरगच्च चित्रे आणि मूर्ती पाहून डोळे दिपल्यावर साधा, मूर्तिविरहित स्तूप त्याला अपुरा, राहून गेलेला वाटतो. जाणता वाटाड्या गर्दी कमी असेल तर थेट दहाव्या लेण्याकडे नेतो. तिथे एका खांबावरच्या जुन्या चित्रावर जॉन स्मिथ या इंग्रज घोडदळ अधिकाऱ्याने 28 एप्रिल 1819 रोजी आपले नाव कोरून ठेवले आहे. ते आज उभ्या माणसाच्या नजरेच्या बऱ्याच वर आहे, कारण स्मिथ उभा होता तो लेण्यात साचलेल्या दगडमातीच्या ढिगावर. हे एक वाक्य ऐकले की पाहुणा आपोआप खाली, स्वतःच्या पायांकडे बघतो, आणि किती माती उपसली गेली असेल याचा हिशोब त्याला कुणी सांगावा लागत नाही. पुढे सोळाव्या लेण्याशी, दाराच्या हत्तींपाशी थांबवून, पूर्वी माणसे नदीच्या पात्रातून पायऱ्यांनी वर येत, आजची कड्यालगतची सरळ वाट तेव्हाची नव्हे, हे सांगितले की मघापासून चाललेली वाटच खोटी ठरते. लेणी तीच, भिंती त्याच. फरक पडला तो कोण कुठून घेऊन आले याने.

मुंबईत हीच गोष्ट शहराच्या मापाने दिसते. तिथे 1999 मध्ये दोन वास्तुविशारद महिलांनी ‘बॉम्बे हेरिटेज वॉक्स’ सुरू केले. पुढे ‘खाकी टूर्स’सारख्या संस्थांनी पायी फेऱ्यांचे लोण गल्लोगल्ली नेले आणि 2021 मध्ये महापालिकेने आपले मुख्यालयही वाटाड्यासह पाहायला खुले केले. कोट भागातल्या फेरीचा मुख्य विषय असलेला कोटच आज जागेवर नाही. तटबंदी 1860 च्या दशकात पाडली गेली. सेंट जॉर्ज रुग्णालयाजवळचा एक तुकडा सोडला तर दाखवायला जवळपास काही नाही. तरीही अपोलो, चर्च आणि बाजार या तीन दरवाजांच्या जागा ओळीने चालत गेले की नसलेली भिंत उभी राहते : आतल्या गल्ल्या अरुंद का, बाहेरचे रस्ते एकाएकी रुंद का, मैदाने मोकळी का, हे पायांना कळते. सुटे सुटे पाहिले तर हेच तीन चौक वाहतुकीचे चौक आहेत.

पब क्रॉल हा याच व्यवसायाचा पार सोलून काढलेला नमुना म्हणता येईल. तिथे पाहण्यासारखे काहीच नसते. बर्लिनसारख्या शहरांत आयोजक एक रक्कम घेतो, अनोळखी पाहुण्यांचा घोळका जमवतो आणि तीन-चार मद्यालयांतून फिरवतो. मद्य तर कुठेही मिळते. गिऱ्हाईक पैसे देते ते क्रमाचे, सोबतीचे आणि दारात अडवले न जाण्याचे. नेमके म्हणूनच हा प्रकार शहरांना नकोसा झाला. प्रागने 2024 मध्ये रात्री दहा ते सकाळी सहा या वेळात अशा संघटित फेऱ्यांवर बंदी घातली, आणि ॲमस्टरडॅमने त्याआधी 2020 मध्ये वेश्यावस्तीतून जाणाऱ्या मार्गदर्शित फेऱ्या बंद केल्या. मद्यालये मात्र चालूच राहिली. म्हणजे दोन्ही नगरपालिकांना उपद्रव दिसला तो जागेत नव्हे, घोळक्याने एका रांगेत जाण्यात. महाराष्ट्रात पब क्रॉलला वावही कमी. 1949 च्या दारूबंदी कायद्याप्रमाणे पिणाऱ्यालाही परवाना लागतो, बिअर-वाइनसाठी 21 आणि कडक मद्यासाठी 25 वर्षांची अट आहे. खानदेशात फिरत फिरत खाण्यापिण्याची हौस वेगळ्या वाटेने भागते. हिवाळ्यात शेतावर भरीत पार्टी होते. यावल तालुक्यातल्या बामणोद-भालोदची हिरवी, लांबट, पांढुरक्या रेघांची वांगी कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्यांवर भाजतात, सोलून लाकडी बडगीत ठेचतात, वर हिरव्या मिरचीचा ठेचा, कांद्याची पात, आणि सोबत कळण्याची भाकरी किंवा पुरी. 2016 मध्ये या वांग्याला ‘जळगाव भरीत वांगे’ म्हणून भौगोलिक निर्देशांकन मिळाले. पण भरीत पार्टीला नगरफेरी म्हणता येत नाही. तिथे पाहुणा एका जागी बसतो, त्याला कुठून कुठे नेण्याचा प्रश्नच येत नाही.

आता यावल. मोठ्या शहरांचे ठीक आहे, तालुक्याच्या गावात दाखवणार काय, हा पहिला आक्षेप. यावलला येणारा माणूस आजही एका कामाला येतो. गुरुपौर्णिमेला महर्षी व्यासांच्या मंदिरात, नवरात्रात सातपुड्याच्या पायथ्याशी मनुदेवीला, एरवी तहसीलला नाहीतर केळीच्या व्यवहाराला. सूर नदीकाठचा निंबाळकरांचा किल्ला येताजाता दिसतो, म्हणून पाहिला जात नाही. पण क्रम लावून पाहू. पहिला थांबा हाच किल्ला. 1788 मध्ये शिंद्यांनी यावल निंबाळकरांकडे दिले. 1821 मध्ये ते इंग्रजांकडे गेले, 1837 मध्ये पुन्हा शिंद्यांकडे आणि 1843 मध्ये कायमचे इंग्रजांकडे. पन्नास-पंचावन्न वर्षांत चार हात बदललेला हा किल्ला मुख्यतः महसुलाचे ठाणे म्हणून वाचला पाहिजे. त्याच्यावरून सुपीक तापीकाठचा सारा कुणी घ्यायचा याचे भांडण दिसते. दुसरा थांबा गावातला बाजार. यावल एकेकाळी देशी जाड्याभरड्या कागदासाठी आणि निळीसाठी प्रसिद्ध होते. कागदाला गिरणीने मागे टाकले. 1897 पासून जर्मन कारखान्यांची कृत्रिम नीळ बाजारात आली आणि देशभरातली निळीची शेती बसली. तिसरा थांबा अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्त्यावर त्याच तालुक्यातले फैजपूर. डिसेंबर 1936 मध्ये पंडित नेहरूंच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन इथे झाले. धनाजी नाना चौधरींसारखे स्थानिक कार्यकर्ते त्यामागे राबत होते, आणि गांधींच्या सांगण्यावरून नंदलाल बोस यांनी बांबू, गवत, खादी अशा गावच्याच साहित्यातून अधिवेशनाचे टिळकनगर सजवले. शेतसारा आणि खंड कमी करणे, कर्जाचा भार उतरवणे हा शेतीविषयक कार्यक्रम याच मंडपात मांडला गेला. किल्ल्यात जो सारा गोळा होत होता, तो कमी करा म्हणणारी सभा त्याच रस्त्यावर शंभर वर्षांनी भरली. बांबूचे ते नगर अधिवेशनानंतर उठले, मुंबईच्या तटासारखेच. त्यामुळे फैजपूर आधी पाहणाऱ्याच्या हाती एक मोकळी जागा लागते, किल्ल्यावरून तिथे येणाऱ्याला मात्र वादाचा दुसरा पक्ष भेटतो. परतताना दोन्ही बाजूंनी दिसणाऱ्या केळीच्या बागा मग नुसती हिरवळ राहत नाहीत.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. क्रम लावणे म्हणजे वगळणे, आणि वाटाड्या वगळता वगळता बनवू लागतो. महाराष्ट्रात असा किल्ला शोधून सापडणार नाही, ज्याच्या भुयारातून शेजारच्या किल्ल्यापर्यंत घोडेस्वार जात नसे. हा रोग खरा आहे. पण तो क्रमामुळे होत नाही. एकट्या एकट्या जागेत थरार भरण्याच्या गरजेतून होतो. ज्या थांब्याचा पुढच्याशी संबंध नाही तिथे भुयार खोदावेच लागते. क्रम असेल तर प्रत्येक विधान पुढच्या थांब्यावर तपासले जाते, निदान पाहुण्याला तसे विचारता तरी येते. वगळण्याचा दोष मात्र कबूल करायलाच हवा. वर लावलेला यावलचा क्रम बागायतदाराचा आहे. सातपुड्यातल्या तडवी आणि पावरा वस्त्या त्यात कुठेच नाहीत. 1969 मध्ये घोषित झालेले यावल अभयारण्य नाही, लाकूडतोड आणि वनहक्काचा झगडाही नाही. या मुलखाची ही दुसरी गोष्ट पहिल्या फेरीत शेपटासारखी जोडून चालणार नाही. तिचा क्रम वेगळा आहे आणि तो लावण्याचा अधिकारही वेगळ्या लोकांचा.

इथूनच तिसरा आक्षेप निघतो : अशा फेऱ्या माणसांनाच प्रदर्शनात मांडतात. मुंबईत धारावीच्या फेऱ्यांवर हा आरोप सतत झाला. तिथल्या सर्वांत जुन्या आयोजकांपैकी ‘रिॲलिटी टूर्स’ने त्यावर जे उत्तर काढले ते बोलके आहे. त्यांच्या फेरीत छायाचित्रे काढायला मनाई आहे, आणि वाट झोपड्यांपेक्षा कारखान्यांतून जाते : भंगारातल्या प्लॅस्टिकची वर्गवारी, मग त्याचा चुरा, मग वितळवून गोळी. पाहुण्याची नजर एका डब्याच्या प्रवासामागे चालते, त्यामुळे ती कुणाच्या चुलीवर थांबत नाही. आरोप त्याने संपला नाही, संपणारही नाही. पण फेरी सभ्य राहते की नाही हे जागा गरीब की श्रीमंत यावर ठरत नाही, वाट कशाच्या मागे चालली आहे यावर ठरते, एवढे त्यातून दिसते. सातपुड्यातल्या पाड्यांना नुसत्या ‘आदिवासी जीवन’ पाहणाऱ्या गाड्या नकोत, हे म्हणणे म्हणूनच बरोबर आहे.

शेवटचा आक्षेप मोबाइलचा : नकाशा हातात असताना वाटाड्या कशाला? नकाशा ठिकाणे आणि अंतरे देतो, तीही जवळची आधी. यावलहून निघालेल्याला तो किल्ला, व्यास मंदिर, मनुदेवी आणि सातपुड्यातले पाल अशा चार टाचण्या टोचून देतो आणि सर्वांत कमी पेट्रोल लागेल तो रस्ता सुचवतो. त्याच्या हिशेबात फैजपूर हे पालकडे जाताना लागणारे एक गाव आहे.