टोचलेले छिद्र सरकणे

दागिन्यासाठी टोचलेले छिद्र मूळ जागा सोडून कातडीच्या पृष्ठभागाकडे किंवा पाळीच्या कडेकडे हळूहळू सरकत जाण्याची क्रिया. ती बहुधा दुखत नाही, म्हणून लवकर ध्यानात येत नाही. वेळीच अटकाव झाला नाही तर दागिना कातडी फाडून बाहेर पडतो.

रुतलेला काटा शरीर जसे वर ढकलते, तसेच ते दागिन्यालाही ढकलू पाहते. दागिन्यामागे नवी ऊती भरत जाते, पुढची कातडी झिजत जाते. भुवई, बेंबीची वरची कड, मान, छातीचा मधला भाग अशा ठिकाणी दागिना कातडीखाली उथळ बसतो, म्हणून तेथे हा धोका जास्त. कानाची पाळी आरपार टोचलेली असते. तिथे नुकसान करते ते मुख्यतः वजन. जड झुमके वर्षानुवर्षे घातले की भोक ‘ओघळते’, त्याची उभी चीर होते आणि एखाद्या हिसक्याने पाळी दुभंगते.

बेंबीत घालतात त्या वाकड्या दांडीवर हा बदल स्पष्ट दिसतो. सुरुवातीला दोन टोकांचे मणी तेवढे दिसतात. मग मण्याजवळची दांडी थोडी उघडी पडते, भोके सैल होतात, मधली कातडी लालसर, चकचकीत किंवा खपलीदार होते आणि शेवटी तिच्यातून धातूची छटा दिसू लागते. दागिना आधी सरळ असून आता कलता लोंबत असेल, तर तीही खूणच. रोज पाहणाऱ्या डोळ्याला मिलिमीटरचा फरक कळत नाही. दर आठवड्याला तेवढ्याच अंतरावरून फोटो काढून ठेवणे हा सर्वांत भरवशाचा उपाय.

जंतुसंसर्ग ही वेगळी गोष्ट. त्यात ठणका, ऊब, वाढती सूज, पू, कधी ताप असतो. अशा वेळी दागिना परस्पर काढू नये, कारण छिद्र मिटून पू आत कोंडू शकतो. आधी डॉक्टरांना दाखवावे. सुरुवातीच्या काळात येणारा फिकट स्राव आणि त्याची खपली मात्र जखम भरत असल्याचे लक्षण आहे.

प्रतिबंधाचा मोठा भाग टोचण्याच्या क्षणीच ठरतो. उथळ टोचलेले छिद्र नंतर कितीही जपले तरी सरकू शकते. दोन तोंडांमध्ये साधारण ६ मिमी तरी ऊती हवी. बेंबीसाठी १.६ मिमी जाडीची दांडी सर्रास वापरतात. फार बारीक तार ताणाखाली कातडी कापत जाते. शरीरात बसवण्याच्या दर्जाचे टायटॅनियम, नायोबियम किंवा किमान १४ कॅरेटचे निकेलमुक्त सोने चांगले. निकेलची ॲलर्जी अनेकांना असते, आणि स्वस्त खोट्या दागिन्यांत तो धातू बरेचदा आढळतो. बेंबीची जखम भरायला सहा महिने ते वर्ष लागते. तेवढा काळ परकराची नाडी, जीन्सचा पट्टा, साडीच्या निऱ्यांचा खोचा तिच्यावर येऊ देऊ नये. ०.९ टक्के मिठाच्या निर्जंतुक द्रावणाने धुवावे. तेल, मलम थापू नये.

पाळीसाठी महाराष्ट्रातल्या दागिन्यांतच एक फार शहाणी रचना आहे. कानातल्याला अडकवून केसांत खोवलेला मोत्यांचा वेल शोभेचा तर आहेच, पण तो नीट ताणून बसवला तर वजनाचा काही भार केसांवर जातो. लग्नसराईत झुमके घालणाऱ्या प्रत्येकीने तो वापरावा, आणि झोपताना कानातले काढून ठेवावे.

छिद्र सरकत असल्याची खात्री झाली की वाट पाहण्यात अर्थ नसतो. संसर्ग नसेल तर अनुभवी टोचणाऱ्याकडून दागिना काढून घ्यावा. कातडी शाबूत असताना काढला तर व्रण लहान राहतो. फाटलेली पाळी आपोआप जुळत नाही, कारण चिरेच्या कडांवर कातडी चढलेली असते. स्थानिक भूल देऊन त्या कडा कापून ताज्या कराव्या लागतात, मग टाके घालतात. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील सोळाव्या अध्यायात पाळी जोडण्याचे पंधरा प्रकार आहेत, आणि तेथेही जोडण्याआधी कडांवर छेदन-लेखन, म्हणजे कापणे आणि खरवडणे, करायला सांगितले आहे. जोडलेली पाळी काही महिन्यांनी पुन्हा टोचता येते, मात्र व्रणाच्या रेषेवर नव्हे, तिच्या शेजारच्या निरोगी भागात.