बर्न्हमचें रान

‘सार्वजनिक’ हें विशेषण आपण इतक्या सहजपणें वापरतों कीं, एखाद्या वस्तूस तें पहिल्यानें कोणीं लावलें आणि त्यासाठीं कोणास काय सोसावें लागलें, हा प्रश्न मनांत सहसा येत नाहीं. विहीर, धर्मशाळा, वाचनालय यांच्या बाबतींत निदान बांधणाराचें नांव दगडावर कोरलेलें असतें. रानास असा शिलालेख नसतो. तें जणूं सृष्टीच्या आरंभापासून तेथें उभें आहे आणि सर्वांस मोकळें आहे, असें पाहणारास वाटतें. इंग्लंडच्या खेडेगांवांतून हिंडणाऱ्या पाहुण्यास हा भ्रम हटकून होतो. वस्तुतः त्या देशांत बेवारस जमीन जवळजवळ नाहींच. आणि म्हणून जें रान आज सर्वांचें आहे, तें केव्हां तरी कोणाच्या तरी हातून सोडविलेलें असतें. अशाच एका लहानशा रानाची हकीकत आम्ही येथें सांगणार आहों.

लंडनच्या पश्चिमेस सुमारें पंचवीस मैलांवर, बकिंगहॅमशायर परगण्यांत, बर्न्हम बीचेस नांवाचें हें रान आहे. विस्तार अवघा ५४० एकरांच्या आसपास. सह्याद्रीचीं रानें पाहिलेल्या माणसास तें एखाद्या मोठ्या बागेएवढें वाटावें. ना तेथें कडे, ना दऱ्या, ना श्वापदांचें भय. पायवाटा रुंद आहेत, कोणी दार अडवीत नाहीं, आणि सुटीच्या दिवशीं मुलेंबाळें व कुत्रीं बरोबर घेऊन आलेल्या कुटुंबांनीं झाडांखालची जागा गजबजून जाते. शरदृतूंत बीच वृक्षाचीं पानें तांब्याच्या रंगाचीं होतात, तेव्हां हें रान विशेष शोभतें. बीचची साल राखाडी व गुळगुळीत असते. त्याची सावली इतकी दाट कीं, खालीं गवतही फारसें उगवत नाहीं.

परंतु पाहणाराचें लक्ष वेधून घेतात ते येथले म्हातारे वृक्ष. त्यांचीं खोडें आखूड व अवाढव्य असून, पुरुष-दीड पुरुष उंचीवर त्यांस एकदम गांठाळ डोकें फुटलेलें असतें, आणि तेथून जाड जाड फांद्या मुठींतून सुटलेल्या बोटांप्रमाणें आकाशाकडे गेलेल्या असतात. पुष्कळ खोडें आंतून पोकळ आहेत. कांहींच्या ढोलींत माणूस उभा राहूं शकेल. कवि टॉमस ग्रे तरुणपणीं बर्न्हम येथें आपल्या नातलगांकडे राहावयास येत असे. त्यानें आपला मित्र होरेस वॉल्पोल यास लिहिलेल्या पत्रांत याच वृक्षांचें मोठ्या विनोदानें व प्रेमानें वर्णन केलें आहे. ज्या स्मशानभूमीशीं त्याच्या सुप्रसिद्ध विलापिकेचा संबंध जोडतात, तें स्टोक पोजिस गांवही येथून दोनतीन मैलांवरच आहे. पुढें संगीतकार मेंडेल्सन यासही हें रान आवडलें. त्याच्या नांवानें ओळखला जाणारा वृक्ष १९९० च्या वादळांत पडला.

कवीस व गायकास या वृक्षांच्या वेड्यावांकड्या रूपांत निसर्गाची लीला दिसली असेल, तर त्यांत नवल नाहीं. पण खरी गोष्ट अशी कीं, हें रूप निसर्गानें दिलेलें नव्हे. तें कुऱ्हाडीनें दिलेलें आहे. हें रान पूर्वीं भोंवतालच्या गांवांचें गायरान होतें. जमिनीची मालकी तेथल्या जहागीरदाराची. परंतु त्या जमिनीवर गुरें चारण्याचा, डुकरें सोडण्याचा व जळण तोडण्याचा वहिवाटीचा हक्क गांवकऱ्यांचा. बुंध्यापाशीं झाड तोडलें तर नवीन फुटवे गुरें खाऊन टाकतात. म्हणून गुरांचें तोंड पोंचणार नाहीं इतक्या उंचीवर शेंडा छाटावयाचा, आणि मग दर दहापंधरा वर्षांनीं त्या डोक्यावर वाढलेल्या फांद्या तोडून न्यावयाच्या, अशी युक्ति लोकांनीं काढली होती. खालीं चारा, वर सरपण. आणि झाड मरत तर नाहींच, उलट ज्या वयांत मोकळा वाढलेला बीच कोसळावयास येतो, त्या वयाच्याही पलीकडे तें जगतें. कारण त्याच्या शिरावरचें ओझें वेळोवेळीं उतरविलें जातें. कित्येक पिढ्या ही छाटणी चालली होती. बर्न्हमचे वृक्ष म्हणजे निनांवी शेतकऱ्यांच्या हातांनीं घडलेली वस्तु होय.

अशा गायरानांवर इंग्लंडांत मोठें संकट आलें तें कुंपणाच्या रूपानें. १६०४ ते १९१४ या काळांत पार्लमेंटनें कुंपण घालण्यासंबंधींचे ५,२०० हून अधिक कायदे केले आणि त्यांखालीं सुमारें ६८ लाख एकर जमीन, म्हणजे इंग्लंडच्या एकंदर भूमीच्या एकपंचमांशाहून किंचित् अधिक, सामायिक वहिवाटींतून निघून खासगी मालकीची झाली. शेती सुधारली, हें खरें. पण ज्याची एकच गाय होती, त्यास ती बांधावयास जागा उरली नाहीं. पुढें लंडन शहर वाढूं लागलें, तेव्हां जवळच्या रानांस धान्यापेक्षांही घरांसाठीं मोल आलें. लंडनच्या ईशान्येस असलेलें हेनॉल्टचें रान १८५१ च्या कायद्यानें राजरान राहिलें नाहीं, आणि तें तोडून त्याचीं शेतें करण्यांत आलीं. तें पाहून शेजारच्या एपिंगच्या रानाविषयीं लोकांस धास्ती पडली.

बर्न्हमचें भवितव्य या एपिंगच्या लढ्यांतच ठरलें, म्हणून तो थोडक्यांत सांगणें अवश्य आहे. एपिंगलगतच्या लाउटन गांवच्या लोकांस हिंवाळ्यांत फांद्या तोडण्याचा जुना हक्क होता. ११ नोव्हेंबरच्या मध्यरात्रीं पहिली फांदी तोडली नाहीं, तर हक्क बुडतो, अशी समजूत होती. त्या रात्रीं जहागीरदारानें गांवकऱ्यांस जेवणास बोलावून दारू पाजली व मध्यरात्र टळावी अशी योजना केली. परंतु टॉमस विलिंगेल नांवाचा म्हातारा मजूर वेळेवर उठून गेला आणि फांदी घेऊन परत आला, अशी आख्यायिका आहे. आख्यायिकेचें कांहीं असो. १८६६ सालीं विलिंगेलच्या आप्तांस फांद्या तोडल्याबद्दल तुरुंगांत जावें लागलें आणि तरीही त्या म्हाताऱ्यानें दावा लावला, हें मात्र इतिहासांत नमूद आहे. त्यास पाठबळ मिळालें तें आदल्याच वर्षीं, १८६५ सालीं, स्थापन झालेल्या गायरान-संरक्षक संस्थेचें. या संस्थेच्या कार्यकर्त्यांत हेन्री फॉसेट हे होते. पार्लमेंटांत आपल्या देशाच्या जमाखर्चाविषयीं सतत प्रश्न विचारल्यामुळें ज्यांस ‘हिंदुस्थानचे सभासद’ म्हणत, ते अंध अर्थशास्त्रज्ञ हेच.

विलिंगेल १८७० सालीं वारला व त्याचा दावा त्याच्याबरोबर संपला. परंतु लंडन शहराच्या कॉर्पोरेशननें तें काम हातीं घेतलें. कॉर्पोरेशननें एपिंगच्या हद्दींत स्मशानासाठीं जमीन घेतली होती. त्या जमिनीबरोबर रानांत गुरें चारण्याचा हक्क येत असे, आणि त्या एवढ्याशा आधारावर ही श्रीमंत नगरसंस्था गरीब गांवकऱ्यांच्या पंक्तीस हक्कदार म्हणून न्यायालयांत उभी राहिली. १८७४ सालीं न्यायमूर्ति सर जॉर्ज जेसेल यांनीं कुंपणें बेकायदा ठरविलीं, १८७८ सालीं एपिंगचा कायदा झाला, आणि १८८२ च्या मे महिन्यांत राणी व्हिक्टोरियानें स्वतः येऊन तें रान लोकांस अर्पण केलें.

त्याच १८७८ सालीं आणखी एका कायद्यानें लंडन कॉर्पोरेशनास शहरापासून पंचवीस मैलांच्या आंत मोकळ्या जागा लोकांसाठीं घेण्याची मुभा मिळाली. बर्न्हमचें रान तेव्हां ड्रॉपमोरच्या जहागिरींत मोडत असे. १८७९ सालीं तें विक्रीस निघालें, तें ‘उत्तम बंगले बांधण्यास योग्य जमीन’ अशा जाहिरातीनें. फ्रान्सिस जॉर्ज हीथ या वनप्रेमी लेखकानें हांकाटी केली. सर हेन्री पीक या पार्लमेंटच्या सभासदानें सबंध जमीन घेण्याची तयारी दाखवून रानाचा भाग कॉर्पोरेशनास दिला. आणि १८८० सालीं बर्न्हम सार्वजनिक झालें. बंगल्यांचा पाया खणला जावयाचा, तेथें पायवाटा राहिल्या.

येथवरची कथा सुखान्त आहे, आणि बहुतेक प्रवासवर्णनें येथेंच थांबतात. आमच्या मतें खरा बोध येथून पुढें आहे. ज्या छाटणीच्या हक्कानें एपिंगच्या लढ्यास तोंड लागलें, तो हक्कच १८७८ च्या कायद्यानें बंद केला. लाउटनच्या लोकांस भरपाई मिळाली आणि तींतून १८८४ सालीं ‘लॉपिंग हॉल’, म्हणजे छाटणीगृह, नांवाची सभेची इमारत उभी राहिली. फांदीच्या मोबदल्यांत दिवाणखाना मिळाला! बर्न्हमास कायद्याची गरजही पडली नाहीं. कालव्यांनीं व आगगाड्यांनीं कोळसा स्वस्त झाल्यामुळें तेथली छाटणी त्यापूर्वींच, एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत, थांबली होती. पुढें गुरेंही गेलीं. लोकांस रानांत येण्याची मुभा मिळाली. रानाशीं त्यांचें कांहीं काम मात्र उरलें नाहीं. जो पूर्वीं कुऱ्हाड घेऊन येई, तो आतां टोपी व छत्री घेऊन येऊं लागला.

याचा परिणाम झाडांनीं भोगला. छाटणी थांबल्यावर फांद्या वाढतच गेल्या; पोकळ, म्हाताऱ्या खोडांवर प्रचंड वृक्षांचा भार चढला. चित्रकारांस जें भव्य वाटलें, तें वस्तुतः त्या झाडांस झेपेनासें ओझें होतें. वादळांत खोडें उभीं चिरलीं. भोंवतीं नवीन रोपांची दाटी होऊन जुन्या वृक्षांस प्रकाश मिळेना. मोकळें माळरान झुडपांखालीं नाहींसें झालें. दुसऱ्या महायुद्धांत लष्करानें येथें मोटारींचा तळ ठेवला होता. परंतु त्या तळापेक्षांही शंभरदीडशें वर्षांच्या आदरयुक्त दुर्लक्षानेंच रानाची अधिक हानि केली, असें म्हटल्यास तें वावगें होणार नाहीं. आणि जुना वृक्ष मरतो, तेव्हां एकटाच मरत नाहीं. त्याच्या कुजक्या ढोलींत राहणारे भुंगेरे, अळंब्या व दगडफुलें यांस दुसरें घर सहजासहजीं मिळत नाहीं, कारण तशी ढोली तयार होण्यास शतकें लागतात.

विसाव्या शतकाच्या अखेरीस ही गोष्ट रानाच्या व्यवस्थापकांच्या पुरती ध्यानांत आली. १९९३ सालीं बर्न्हमास राष्ट्रीय निसर्ग-राखीव म्हणून मान्यता मिळाली. आणि त्याच सुमारास तेथें पुनः गुरें चरूं लागलीं, म्हाताऱ्या वृक्षांचा भार हलक्या हातानें थोडा थोडा उतरविण्यांत येऊं लागला, व तरुण झाडांचे शेंडे छाटून पुढील शतकांची तरतूद होऊं लागली. परंतु मध्यंतरीं ती कलाच विसरली गेली होती. किती फांद्या ठेवाव्या, कोणत्या महिन्यांत घाव घालावा, हें सांगणारा कोणी इंग्लंडांत सांपडेना. शेवटीं स्पेनच्या बास्क प्रांतांतील डोंगरी लांकूडतोड्यांकडून, ज्यांच्यांत ही वहिवाट टिकून होती त्यांच्याकडून, तें ज्ञान पुनः मिळवावें लागलें. जमीन विकत घेतां येते. हात विकत घेतां येत नाहींत, हें त्या नगरसंस्थेस शंभर वर्षांनीं कळलें.

आतां आपल्याकडे वळण्याचें कारण हेंच कीं, १८७८ हें साल आपल्याही रानांच्या कपाळीं लिहिलेलें आहे. ज्या वर्षीं विलायतेंत एपिंग लोकांस मिळालें, त्याच वर्षीं हिंदुस्थानांत जंगलचा कायदा झाला. लंडनच्या हद्दींत पिढीजाद वहिवाट हा हक्क ठरला. येथें बव्हंशीं तीच वहिवाट सरकारची मेहेरबानी ठरली. पुण्याच्या सार्वजनिक सभेनें त्यास हरकत घेतली. जोतीराव फुल्यांनीं ‘शेतकऱ्याचा असूड’ या १८८३ सालच्या ग्रंथांत डोंगर व गायरानें जंगलखात्याच्या घशांत गेल्याबद्दल कडक टीका केली. ठाणें व कुलाबा जिल्ह्यांत तर तंटा अगदीं लाउटनच्या जातीचा होता. भाताची रोपें करण्यासाठीं ऐनाच्या फांद्या छाटून, त्या जमिनीवर पसरून जाळावयाच्या, याला कोंकणांत राब म्हणतात. त्या छाटणीवर निर्बंध आले, तेव्हां इतका असंतोष माजला कीं, मुंबई सरकारास १८८५ सालीं चौकशीमंडळ नेमावें लागलें, व त्याचा अहवाल १८८७ सालीं निघाला. येथल्या शेतकऱ्यास मात्र ना रान मिळालें, ना भरपाईची इमारत.

दोन्ही देशांतील सत्ताधाऱ्यांच्या हेतूंत अंतर होतें, तें झांकण्याचें कारण नाहीं. तेथें लोकांच्या विहारासाठीं रान राखलें; येथें सरकारच्या लांकडासाठीं व उत्पन्नासाठीं. तेथला गरीब आंत आला. येथला बाहेर गेला. पण एक समज दोन्हीकडे सारखीच होती: रान वांचवावयाचें म्हणजे त्यांत राबणारा हात बाजूस सारावयाचा. बर्न्हमच्या वृक्षांनीं ती समज खोटी पाडली. आपल्याकडे २००६ च्या वनहक्क कायद्यानें ग्रामसभांच्या जुन्या वहिवाटीस हक्काचें नांव दिलें, आणि २००९ सालीं गडचिरोली जिल्ह्यांतील मेंढा-लेखा या गांवास त्याप्रमाणें आपल्या वनावरचा सामूहिक हक्क मिळाला. बर्न्हमास जें उशिरां शिकावें लागलें, तें येथें कायद्यांत आलें आहे. तें आचरणांत किती येतें, हें आपल्या हातीं आहे.

इंग्लंडास जाणाऱ्या आमच्या वाचकांनीं राजवाडे व संग्रहालयें अवश्य पाहावींत. पण एक दिवस काढून या लहानशा रानांतही जावें. तेथें एखाद्या म्हाताऱ्या बीचच्या गांठाळ डोक्याकडे नीट पाहिलें, म्हणजे जुन्या घावांचे वण एकावर एक दिसतात. ज्यांनीं ते घाव घातले, त्यांचीं नांवें कोणत्याही बखरींत नाहींत. तरी त्यांचा हिशेब अचूक होता: आपल्याला जळण मिळावें आणि नातवालाही मिळावें, इतकीच फांदी त्यांनीं तोडली. वनरक्षणावर लिहिलेल्या मोठ्या ग्रंथांनींही याहून पुढचें कांहीं सांगितलें असेल, असें आम्हांस वाटत नाहीं.